सकाळची भाकरी कुणी खाल्ली?

मी सोलापुरात उर्दू शाळेत मराठी शिकवते. मध्यंतरी सातवीच्या मुलांना दहा ओळी लिहायला सांगितल्या. विषय सोपा होता, ‘काल रात्री आमच्या घरचं जेवण’. वह्या तपासायला घेतल्या तर निम्म्या वह्यांत बिर्याणी! बरं, आदला दिवस मंगळवार. ना कुणाचं लग्न, ना ईद. मी वर्गात म्हणाले, “बेटा, खरं खरं लिहा. मार्क बिर्याणीला नाहीत, मराठीला आहेत.” मुलं हसली. दुसऱ्या खेपेला वह्यांतून तुरीची डाळ आली, अंबाडीची भाजी आली, शेंगाचटणी आली आणि ‘इतवारचं उरलेलं सालन’ आलं. मराठीच्या वहीत इतवार चुकीचा, पण मी लाल रेघ मारली नाही.

मुसलमानाच्या घरी रोज बिर्याणीच शिजते, असं बाहेरच्यांना वाटतं याची सवय झाली आहे. प्रशिक्षणाच्या वर्गात डबा उघडला की शेजारची बाई डोकावतेच आणि आतला दुधी बघून तिचा थोडा विरसच होतो. पण आमच्या मुलांनाही निबंधात तसंच लिहावंसं वाटावं, हे मला नवं होतं.

असो. लिहायचं आहे ते एका वहीतल्या शेवटच्या ओळीबद्दल. एका मुलीने लिहिलं होतं की अम्मीने सकाळची भाकरी खाल्ली, कारण ती उरली होती. वाक्यात एकही चूक नव्हती. मी टिक केली आणि पुढची वही घेतली. रात्री घरी सगळ्यांना वाढून झालं, ताज्या भाकऱ्या दस्तरखानावर गेल्या आणि मी माझ्या ताटात सकाळची अर्धी भाकरी घेतली. तेव्हा ती ओळ आठवली. माझ्या मुलीने निबंध लिहिला असता तर तिनेही हेच लिहिलं असतं.

उरलंसुरलं वाया न घालवण्याचा मला अभिमान आहे, तो मी सोडणार नाही. अब्बा यंत्रमागावर होते. घरात गोश्त यायचं ते पगाराच्या आठवड्यात, तेही अर्धा किलो, आणि खाणारी सात तोंडं. दुसऱ्या दिवशी अम्मी त्या उरलेल्या सालनात परसातला दुधी चिरून टाकायची. बोट्या चार, दुधी भरपूर. आमच्या दखनीत दुधीला कद्दू म्हणतात, म्हणून त्याचं नाव कद्दू-गोश्त. (मराठीच्या तासाला यावरून भोपळा की दुधी असा गोंधळ दरवर्षी होतो.) गरिबाघरचा हा पदार्थ साधा समजू नका. पैगंबर साहेबांना एका शिंप्याने जेवायला बोलावलं होतं, ती हकीकत हजरत अनस यांनी सांगितलेली आहे. जवाची रोटी, आणि सुकवलेलं मांस व दुधी घातलेला रस्सा. त्यातल्या दुधीच्या फोडी ते शोधून शोधून खात होते.

आज माझ्या घरामागे दोन वाफ्यांएवढी जागा आहे. शेवगा, कढीपत्ता, भिंतीवर चढवलेला दुधीचा वेल, मोरीच्या पाण्यावर वाढलेला अळू आणि फुटक्या बादलीत पुदिना. संध्याकाळी शाळेतून आल्यावर बाजारात जायचं त्राण नसतं, तेव्हा हेच कामी येतं. वाटीभर डाळ उरली असेल तर ती ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात घालून, वर पुदिना चिरून धपाटे. पाणी जवळजवळ लागतच नाही, डाळीतच मळायचं. सकाळच्या चपात्या असतील तर गूळ-तूप घालून मलिदा, पोरं त्यावर भांडतात. भाकरी असेल तर कुस्करा. ती हाताने बारीक चुरायची, पाण्याचा हलका हबका मारायचा, फोडणीत कांदा, कढीपत्ता आणि मूठभर शेवग्याचा कोवळा पाला परतून त्यात टाकायची, वरून दाण्याचं कूट. पाला आधी नीट परतला नाही तर कडवट लागतो.

आता यातली गंमत बघा. उरलेल्याचं धपाटं झालं की ते सगळ्यांच्या ताटात जातं. आमच्या साहेबांना शिळं पचत नाही, पण कद्दू-गोश्त दोनदा घेतात. उरलेलं जसंच्या तसं राहिलं की ते फक्त माझ्या ताटात येतं. म्हणजे ते माझ्या पोटात जायला नको असेल, तर मी दिवसभर शिकवून आल्यावर आणखी तासभर ओट्यापाशी उभं राहायचं. मासिकांतून ‘उरलेल्या अन्नाचे चविष्ट पदार्थ’ छापून येतात, त्यात हा तास कुठे मोजलेला नसतो.

इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नको असं कुरआनात आहे आणि आमच्याकडे जुम्याच्या बयानात ते नेहमी ऐकायला मिळतं. ताट बोटांनी पुसून खाणं ही सुन्नत आहे, हेही लहानपणापासून शिकवलं जातं. ही आज्ञा घरातल्या सगळ्यांना आहे. ती फक्त अम्मीने पाळावी, असा अर्थ आपण कधी लावला? पैगंबर साहेब घरात काय करत असत, असं विचारल्यावर हजरत आयशा यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत. हे बयानात मी क्वचित ऐकलं आहे.

माझ्या सासूबाईंना हे बोलणं आवडलं नाही. “अन्नाला नाव ठेवू नकोस, बरकत जाते,” म्हणाल्या. अन्नाला मी नाव ठेवत नाही. त्यांनी आयुष्यभर मागाहून, उरेल ते खाल्लं आणि त्यालाच सब्र मानलं, त्याचा मला आदरच आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, देशातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाहणीवाल्यांनी ताटं तपासली नव्हती, हे खरं. तरी मला ती आकडेवारी वाचताना मागाहून जेवणाऱ्या बायकाच दिसल्या.

शिवाय सगळंच उरलेलं खाण्याजोगं नसतं. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात पुन्हा गरम केला तरी त्यातलं विष जात नाही, पोट बिघडतं. भात उरला तर तासाभरात पसरून गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, नाहीतर सरळ टाकावा. वास आलेली डाळ ‘टाकवत नाही’ म्हणून गिळणारी बाई मी माझ्या घरातच पाहिली आहे.

मी नियम केला आहे. जेवायला बसताना उरलेलं आधी मधोमध ठेवायचं आणि जितकी माणसं तितके तुकडे करायचे. पहिल्या दिवशी साहेबांनी त्यांचा वाटा मुलाकडे सरकवला, मुलाने बहिणीकडे, आणि तो माझ्यापर्यंत आला. मी तो परत त्यांच्या ताटात ठेवला. थोडा वेळ कुणी बोललं नाही. सासूबाई खाली मान घालून जेवत राहिल्या, पण त्यांनी स्वतःचा तुकडा सगळ्यांत आधी संपवला होता.

आता कुस्करा मुलगा करतो. भाकरी नीट चुरत नाही, मोठे मोठे तुकडे राहतात, आणि कांदा चिरताना मिनिटामिनिटाला डोळे धुवायला जातो. काल त्याने पाला न परतताच टाकला होता. कडू झालं. सगळ्यांनी खाल्लं.