भंगार कोणाला म्हणता राव?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून मेसच्या टेबलावर एक वाक्य फार ऐकू येऊ लागलं, "घरचा पीसी आता भंगारात काढायचा." का रे बाबा? बंद पडला? नाही. धूर आला? तेही नाही. मग? तर म्हणे, "विंडोज ११ घेत नाही!" मित्रांनो, चार वर्षं इंजिनीअरिंग शिकणाऱ्या मुलाने कॅबिनेटचे दोन स्क्रूसुद्धा न काढता असा निकाल द्यावा, हे काही मला पटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आता तुम्ही म्हणाल, कंपनीच सांगते ना! ठीक आहे, कंपनी काय सांगते ते नीट बघू. ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, युईएफआय आणि सिक्युअर बूट, टीपीएम २.०, आणि मान्य यादीतला प्रोसेसर. रॅमचं आणि जागेचं काही नाही, ती टाकता येते. घोडं अडतं ते यादीपाशी. इंटेलचा आय-७ ७७००के घ्या. चार कोअर, ४.२ गिगाहर्ट्झ, जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आलेला. तो यादीत नाही. आणि स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये बसवतात तो सेलेरॉन एन४०२०, दोन कोअर, मूळ वेग १.१ गिगाहर्ट्झ, तो मात्र आहे! म्हणजे भानगड वेगाची नाहीच.

भानगड सुरक्षेची आहे असं कंपनी म्हणते आणि त्यात तथ्यही आहे. टीपीएममुळे डिस्कच्या कुलपाची किल्ली हार्डवेअरमध्ये राहते. कर्नलची मेमरी व्हर्च्युअलायझेशन वापरून राखायची तर प्रोसेसरमध्ये एमबीईसी नावाची सोय लागते, ती नसेल तर तेच काम सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि मशीन मंदावतं. सगळं बरोबर. पण गंमत अशी की एमबीईसी इंटेलच्या सातव्या पिढीतही आहे, तरी रेघ मारली आठव्या पिढीवर. सातवीतले मोजकेच आत घेतले. कुठेतरी रेघ मारावी लागतेच, मान्य. पण ती ओहमच्या नियमासारखी आपोआप आलेली नाही, कोणीतरी बसून ठरवलेली आहे. ती वाचताना आपण एवढं लक्षात ठेवायला काय हरकत आहे?

बरं, रेघेच्या अलीकडे असलेले पीसीसुद्धा नापास होतात! आमच्या विंगमधल्या एकाच्या घरी आठव्या पिढीचा आय-३ आहे. दुकानदाराने तपासलं आणि 'बोर्ड बदलावा लागेल' म्हणून मोकळा झाला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बायोस उघडलं, तर इंटेल पीटीटी नावाचा पर्याय बंद! तोच टीपीएम. (एएमडीवाल्यांनी एफटीपीएम शोधावा.) डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची होती, म्हणून आधी बॅकअप, मग विंडोज १० मधलंच एमबीआर२जीपीटी चालवलं, त्यानंतर बायोसमध्ये युईएफआय चालू. हा क्रम उलटा केला तर विंडोज सुरूच होत नाही, तेवढं सांभाळा. खर्च? दोन चहा.

माझ्या घरचा पीसी मात्र खरोखरच रेघेपलीकडचा. एच६१ बोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्या काळी घरोघरी असेम्बल व्हायचा तोच संच. चालू करून आई भाजी फोडणीला टाकून यायची, तरी डेस्कटॉप आलेला नसे. सगळे म्हणायचे प्रोसेसर म्हातारा झाला. पण टास्क मॅनेजर उघडून बघा ना! प्रोसेसर निवांत आणि डिस्क १०० टक्के. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदात पुरा करते. हवा असलेला डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, वर हेड सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला कशीबशी ऐंशी ठिकाणं वाचून होतात. आणि सिस्टिम सुरू होताना लहान-लहान हजारो फाइली मागते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती याच कामात शेकडो पट पुढे. एच६१ वर साटाचा वेग ३ गिगाबिटच मिळतो, त्यामुळे 'एसएसडीचा उपयोग नाही' असं सांगणारे भेटतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. तो अडसर मोठी फाइल सरळ कॉपी करताना जाणवतो, रोजच्या वापरात नाही.

रॅम घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, खाचही वेगळी, त्यामुळे ती घुसणारच नाही. आणखी एक गोम आहे. स्वस्तात मिळणारी काही ८ जीबीची डीडीआर३ फक्त एएमडीच्या बोर्डवर चालते. लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर गावात, इंटेलवर चालेल का ते विचारून आणि परत घेण्याचं कबूल करूनच पैसे द्या.

आणि सिस्टिम कोणती? अट चुकवून विंडोज ११ टाकता येतं, पोरं टाकतातही. पण अशा मशीनवर अपडेट येत राहतील याची कंपनी हमी देत नाही. आणि २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी ही आज्ञाच लागते, त्यामुळे कोअर २ ड्युओवर ते सुरूच होत नाही. ज्या पीसीवरून बाबा बँकेचे व्यवहार करतात त्यावर असली कसरत मी करणार नाही. मी लिनक्स मिंट २२ टाकलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून प्रिंटर, आवाज, नेट तपासलं. आईला ब्राउझर आणि मराठी टायपिंग हवं होतं, दोन्ही आहे. मला जीसीसी, पायथन, कायकॅड हवं होतं, तेही आहे. सायलॅब आहे, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम आहे. मेकॅनिकलवाल्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाहीत, तिथे विंडोजला पर्याय नाही.

प्रत्येक डबडं वाचवावं असंही माझं म्हणणं नाही. २ जीबी डीडीआर२ चं मशीन किंवा कपॅसिटर फुगलेला बोर्ड घेऊन बसू नका. ते ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

पण आपल्या लॅबच्या मागच्या खोलीत जे पीसी धूळ खात पडलेत, ते तसले नाहीत. त्यातले बरेचसे चौथ्या-सहाव्या पिढीचे आहेत, मी मागच्या बाजूची लेबलं वाचली आहेत. विंडोज ११ घेत नाहीत म्हणून ते डेड स्टॉक रजिस्टरातून राइट-ऑफ होतील आणि वजनावर जातील. आणि त्याच वेळी फर्स्ट इयरची पोरं सी प्रोग्रॅमिंगचं सबमिशन मोबाइलवर टाइप करतायत, लॅपटॉपसाठी घरी कर्ज काढायला सांगतायत! विभागप्रमुखांना आमची एवढीच विनंती आहे, की राइट-ऑफची सही होण्याआधी ती खोली एक शनिवार-रविवार आमच्या ताब्यात द्या. एसएसडीचे पैसे आम्ही टेक-फेस्टच्या शिलकीतून उभे करू. जे मशीन उठेल ते होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये ठेवू आणि जे उठणार नाही त्याची यादी करून देऊ, मग खुशाल सही करा. स्क्रू ड्रायव्हर आमचा. चावी तेवढी तुमच्याकडे आहे.