गळका गीझर

कडोदऱ्यातील मराठी घरांतून तांब्याचा बंब आता माळ्यावर गेला आहे. बंब गळला की तांबट डाग देई. गीझरच्या पोलादी टाकीला डाग देण्यात मात्र अर्थ नाही. प्रथम गळती कोठून ते पाहावे. पाणी तापताना सुरक्षा-झडपेतून पडणारे चार थेंब हा दोष नव्हे. त्या झडपेला बूच मारणे म्हणजे टाकी फुटण्यास निमंत्रणच! परंतु बुडातून तांबूस पाणी झिरपू लागले, तर आतला काचेचा मुलामा तडकून पत्रा गंजला असे समजावे. तत्काळ वीज बंद करावी व गीझर बदलावा. नव्या गीझरवर भारतीय मानक २०८२ची खूण पाहावी. टाकीऐवजी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी, बोअरचे पाणी असल्यास विशेषतः, वरचेवर तपासावी. आणि अर्थिंगवाचून न्हाणीघरात गीझर सुरू करू नये, मग पाहुणे दारात का उभे असेनात.