सॉनाच्या धंद्यात खरी कमाई दगडांत!

फिनलंडची लोकसंख्या साधारण 55 लाख, आणि सॉना जवळपास 30 लाख! घरचा सॉना घेताना गिऱ्हाईक लाकडावर भाळतं. पण खरा जीव हीटरवरच्या दगडांत. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की उठते ती वाफ, फिनिश भाषेत ‘ल्योल्यू’. तापून-निवून हे दगड ठिसूळ होतात, भुगा साचतो, हवा अडते आणि हीटरची कॉइल जळू शकते. शिव्या मात्र विकणाऱ्याला! म्हणून दगड वर्षातून एकदा तरी काढून, फुटके बदलून, मोकळे रचायचे.

माझं स्पष्ट मत: या धंद्यात उतरायचं तर नुसता सॉना विकू नका, वर्षाची देखभालही विका. विक्री एकदाच होते, दगड दरवर्षी रचावे लागतात.