वर्ग पूर्ण करण्याची युक्ती
चिकोडीकडील एखाद्या शेतकऱ्याजवळ ४० मीटर तार आहे आणि तंबाखूच्या रोपांच्या जागेस आयताकृती कुंपण घालावयाचे आहे, असे समजू. जागा जास्तीत जास्त किती कोंडता येईल? एक बाजू क्ष मानल्यास क्षेत्रफळ क्ष(२० − क्ष) होते. एकेक किंमत घालून पाहत बसण्याऐवजी हीच राशी १०० − (क्ष − १०)² अशी लिहावी. वर्ग कधी ऋण होत नाही. तेव्हा क्ष १० असता १०० चौरस मीटर, त्याहून अधिक नाही.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास आपल्या ‘बीजगणिता’त ही युक्ती चतुर्घातापर्यंत नेली. क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९ हे समीकरण पाहून कोणीही दचकेल! दोन्ही बाजूंत ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवावे, की (क्ष² + १)² = (२क्ष + १००)² होते. वर्गमुळे घेता क्ष² + १ = २क्ष + १००, आणि धन उत्तर ११. नेमके एवढेच मिळवावे हे सुचणे, आमच्या मते, सारी करामत तेथेच आहे.

आजचे गणितीही अनेक चलांच्या अवजड बहुपदीची किमान किंमत शोधताना तिला वर्गांच्या बेरजेचे रूप देऊ पाहतात. ते काम संगणकास पुष्कळ सोपे जाते. मात्र शून्याखाली न जाणारी प्रत्येक बहुपदी अशी मांडता येत नाही, हे हिल्बर्ट यांनी १८८८ मध्ये दाखविले. अशा वेळी बहुधा अचूक उत्तराऐवजी खालची मर्यादाच हाती लागते.