पटकी गेली म्हणता? कुठे गेली?

"पटकी आजोबांच्या काळातच गेली हो!" परवा उमरठात एका जाणत्याने मला ऐकवलं. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात पाचडोंगरी-कोयलारीला माणसं मेली त्याच पटकीने. पाणीयोजनेचं बिल थकलं, वीज तोडली, लोक उघड्या विहिरीचं प्यायले.

मग दोन साथींच्या मधे हा जंतू राहतो कुठे? पाण्यातच. खाडीच्या मचूळ पाण्यात, कवचाच्या बारीक किड्यांना चिकटून. गारठा पडला, खायला मिळेना की आकसून पडून राहतो. जिवंत असतो, पण प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने वाढत नाही. म्हणजे रिपोर्ट निरंक, जंतू हजर! आपल्या डोंगरात खाडी नाही, पण धडधाकट दिसणारा माणूसही काही दिवस शौचातून तो सोडतो. एक पाऊस, की थेट विहिरीत.

आणि टीसीएल कधी पडणार? जुलाब सुरू झाल्यावर, फोटोपुरती!

बांगलादेशात बायकांनी जुन्या सुती साडीच्या घड्या करून पाणी गाळलं, तर पटकी जवळपास निम्म्यावर आली. साडीला टेंडर लागत नाही, म्हणून कुणाला सुचत नसेल. (गाळून झालं तरी उकळा.)

येत्या ग्रामसभेत टीसीएलचं रजिस्टर मागा. शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे ते मोठ्याने वाचायला लावा. मी येतोय.