चार आण्यांचा सभासद

मुंबई उच्च न्यायालयात १९५७ साली एक प्रकरण आले. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी द्यायची होती, पण तसा अधिकार कंपनीच्या मेमोरँडममध्ये नव्हता. तो घालून घ्यायचा तर न्यायालयाची मान्यता लागे. एका भागधारकाने विरोध केला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांना कायद्यात अडवण्याजोगे काही सापडले नाही, त्यांनी मान्यता दिली. पण ही प्रथा वाढत गेली तर एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळला जाईल, संसदेने वेळीच लक्ष घालावे, असा इशाराही त्यांनी निकालपत्रात देऊन ठेवला.

संसदेने लक्ष घातले, पुन्हा पुन्हा घातले. १९६० साली मर्यादा आली : पंचवीस हजार रुपये किंवा सरासरी नफ्याच्या ५ टक्के, यांतली जी रक्कम मोठी ती. १९६९ साली इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातली. त्याने पैसा थांबला नाही. चेकने येणारा रोखीने येऊ लागला. १९८५ साली राजीव गांधींच्या काळात बंदी उठली. २०१३च्या कंपनी कायद्याने मर्यादा साडेसात टक्क्यांवर नेली. आणि २०१७ साली अरुण जेटलींच्या अर्थविधेयकाने मर्यादाच काढून टाकली आणि निवडणूक रोख्यांची वाट मोकळी केली.

रोखे स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत मिळत, हजारापासून कोटीपर्यंतचे. पक्षाने ते पंधरा दिवसांत वटवायचे. कोणी कोणाला दिले हे मतदाराला कळायचे नाही. कळायचे ते फक्त सरकारी मालकीच्या बँकेला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि साडेसात टक्क्यांची मर्यादा काढणेही मोडीत काढले. खरेदीदारांची यादी देण्यासाठी बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने एक दिवस दिला. १४ मार्चला नावे जाहीर झाली. एप्रिल २०१९ पासूनच्या हिशेबात बारा हजार कोटींहून जास्त रकमेचे रोखे होते आणि त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा एकट्या भाजपकडे गेला होता. सर्वांत मोठा खरेदीदार निघाला लॉटरीच्या धंद्यातला : फ्यूचर गेमिंग, १३६८ कोटी. त्याखालोखाल हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. तिसऱ्या क्रमांकावर क्विक सप्लाय चेन नावाची कंपनी, ४१० कोटी. पत्ता नवी मुंबईचा, आणि नाव नवी मुंबईकरांनीही बहुधा तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. लॉटरीवाल्यांचा पैसा मुख्यतः तृणमूल आणि द्रमुककडे गेला, तेव्हा सगळा दोष एकाच पक्षाच्या दारात टाकून मोकळे होण्याची सोय उरली नाही. रोखे नाकारून वर न्यायालयात जाणारा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष हा ठळक अपवाद.

त्या यादीवर आपण भरपूर बोललो. कंत्राट कोणाला मिळाले, कोणाकडे आधी ईडी गेली आणि नंतर रोखा आला, हे सगळे तपासून झाले. ते तपासायलाच हवे होते. पण मला सलते ते वेगळेच. धनिकाचा पैसा सरकारकडून काय काढून घेतो याकडे आपले लक्ष असते. तोच पैसा पक्षाचे काय करतो, तिकडे कोणी बघत नाही.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली आणि वर्षाला चार आणे देणारा साधा माणूस पक्षाचा सभासद झाला. पुढच्या वर्षी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचे ठरले, आणि ते जमले. त्यात श्रीमंत नव्हते असे मुळीच नाही. अर्देशीर गोदरेज यांनी तीन लाख दिले. वर्ध्याचे जमनालाल बजाज तर पुढे पक्षाचे खजिनदारच होते. पण शेठजींच्या लाखांशेजारी चार आणेवाल्यांची रांग होती, आणि त्या रांगेपुढे पुढाऱ्याला दरवर्षी उभे राहावे लागे.

अलीकडचे उदाहरण आपल्याच ऊसपट्ट्यातले. शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या प्रचारात ‘एक नोट, एक व्होट’ अशी हाक होती. शेतकऱ्याने मत द्यायचे आणि ऐपतीप्रमाणे पैसेही द्यायचे. २००९ आणि २०१४ साली ते हातकणंगलेतून लोकसभेत गेले, २०१९ला पडले. वर्गणी काढून निवडणूक कायमची जिंकता येते असे म्हणायचे नाही. पण ज्याने खिशातून नोट काढून दिली, त्याला ऊसदराचा जाब विचारताना मान खाली घालावी लागत नाही.

बड्या पक्षांचे सभासद आता कोटींत मोजतात. मिस्ड कॉल दिला की माणूस सभासद. हे सगळे उद्या रुसून बसले तरी पक्षाच्या तिजोरीत पैचा फरक पडणार नाही. म्हणून त्यांचे रुसणे कोणी मोजत नाही. वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्याला डावलून आदल्या रात्री पक्षात आलेल्या बिल्डरला उमेदवारी मिळते, आणि त्याला ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात. मुलाखतीत ‘खर्च किती करू शकता?’ असे विचारले तर कोणी चमकत नाही. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे, विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची. पक्षाला मात्र कसलीच मर्यादा नाही.

आमच्या भागातले एक जुने कार्यकर्ते परवा म्हणाले, “पूर्वी पावतीपुस्तक घेऊन फिरायचो, तर लोक दारातच अर्धा तास झापायचे. नळाचं काय झालं, रेशनचं काय झालं. मग पन्नास पैसे द्यायचे. आता फ्लेक्स लावतो. झापतं कोण?” त्या झापण्यातून पक्षाला जे कळत होते ते कोणत्याही सर्व्हेतून कळणार नाही.

रोखे गेले तरी वाट बंद झालेली नाही. इलेक्टोरल ट्रस्ट आहेत : अनेक कंपन्यांचा पैसा एकत्र होतो आणि पुढे पक्षांना वाटला जातो, त्यामुळे कोणाचा रुपया कोणाकडे गेला हे धड सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये २००० सालच्या कायद्यापासून कंपनीच्या राजकीय देणगीला भागधारकांची संमती लागते. आपल्याकडे संचालक मंडळाचा ठराव पुरतो. हे बदलायला हवे, पक्षांच्या खर्चालाही मर्यादा हवी. पण हे कायदे करायचे आहेत त्याच पक्षांनी, ज्यांचे या पैशावर सगळे चालते. ते आपण होऊन करतील, अशी आशा मी धरत नाही.

तेव्हा सुरुवात आपल्याकडून. निवडणुकीत कोणीही दारात आले की मत देण्याघेण्याच्या गोष्टी मागाहून. आधी विचारा, पावतीपुस्तक आणलेय का? बहुतेकांकडे नसेल. ज्याच्याकडे असेल त्याला शंभर रुपये द्या, पावती घ्या, आणि अर्धा तास मनसोक्त झापा.