ट्यूब प्रीॲम्प बदलायचा विचार आहे? किनाऱ्यावरच्या घरात आधी अर्थिंग तपासा

पावसाळा सरला की रायगडच्या किनाऱ्यावरची कित्येक बंद घरे उघडतात. अलिबाग असो, नागाव, मुरूड किंवा श्रीवर्धन, घरात ट्यूबचा स्टिरिओ असेल तर पहिल्याच दिवशी तक्रार सुरू होते. एका स्पीकरमधून खरखर येते, दुसऱ्यातून गुणगुण. गाणाऱ्याचा आवाजही पूर्वीसारखा मोकळा वाटत नाही. संशय थेट प्रीॲम्पवर जातो आणि नव्या, महागड्या प्रीॲम्पची चौकशी सुरू होते.

ही घाई बहुतेक वेळा चुकीची ठरते. किनाऱ्यावरच्या घरात आवाज बिघडवणाऱ्या अनेक गोष्टी प्रीॲम्पच्या पेटीबाहेर असतात. त्या तशाच ठेवून पेटी बदलली, तर नव्या पेटीतूनही तीच गुणगुण ऐकू येते.

प्रीॲम्प नेमके काय करतो?

सीडी प्लेअर, रेडिओ किंवा रेकॉर्ड प्लेअरकडून आलेला सिग्नल निवडणे, त्याची पातळी ठरवणे आणि तो मुख्य ॲम्प्लिफायरकडे पाठवणे, हे प्रीॲम्पचे काम. ट्यूब प्रीॲम्पमध्ये हे काम व्हॉल्व्ह करतात. जुन्या पिढीला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. तत्त्व तेच आहे. ईसीसी ८३, म्हणजेच १२ एएक्स ७, हा यातला सर्वांत परिचित व्हॉल्व्ह.

सीडी प्लेअर साधारण २ व्होल्टचा सिग्नल देतो आणि बऱ्याच मुख्य ॲम्प्लिफायरना पूर्ण ताकदीसाठी तेवढाही लागत नाही. आवाजाचे बटण थोडे फिरवताच खोली भरत असेल, तर सिग्नल आणखी वाढवणाऱ्या प्रीॲम्पचा उपयोग नाही. त्याने खरखर मात्र वाढू शकते. रेकॉर्ड प्लेअरची गोष्ट वेगळी. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट मिळतात. तिथे फोनो विभागाचा दर्जा लगेच कानाला कळतो.

अलिबागच्या वेधशाळेचा याच्याशी काय संबंध?

मुंबईत विजेवरची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. तिच्या विजेमुळे कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, हे आधीच लक्षात आले होते. म्हणून हे काम अलिबागला हलवण्यात आले आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. योगायोग असा की, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी पहिल्या व्हॉल्व्हच्या पेटंटसाठी अर्ज केला.

वेधशाळेचा धडा घरालाही लागू पडतो. सूक्ष्म सिग्नल हाताळणारे यंत्र कितीही चांगले असले, तरी भोवतालची वीज गोंगाट करत असेल तर नोंद बिघडणारच. फरक इतकाच की, वेधशाळा हलवता आली, घर हलवता येत नाही. घराची वीज मात्र सुधारता येते.

वीज कशी बिघडवते?

व्हॉल्व्हच्या आतली तार तापवण्यासाठी साधारण ६.३ व्होल्ट लागतात. प्रीॲम्पमध्ये हा पुरवठा नियंत्रित नसेल, तर घरातला दाब २३० वरून २५३ व्होल्टवर गेला की हेच ६.३ व्होल्ट ६.९ च्या वर जातात. असे रोज घडल्यास व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. दाब फार उतरला तर व्हॉल्व्ह पुरेसा तापत नाही आणि आवाज मरगळतो. म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरातले व्होल्टेज मोजून लिहून ठेवावे. फार चढउतार दिसला, तर चांगला स्टॅबिलायझर ही पहिली खरेदी.

दुसरा मुद्दा अर्थिंगचा. जुन्या घरांत अर्थिंगची तार गंजलेली असते किंवा सॉकेटपर्यंत पोहोचलेलीच नसते. गुणगुण थांबवण्यासाठी काही जण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. हा जिवाशी खेळ आहे. ट्यूब प्रीॲम्पमध्ये २५० ते ३०० व्होल्टचा डीसी दाब सर्रास असतो आणि बटण बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकू शकतो. झाकण घरी उघडू नये. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे आणि मीटरजवळ ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवावा.

खारी हवा काय करते?

अलिबागला वर्षाला सरासरी २ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट, खाऱ्या हवेने व्हॉल्व्हच्या पिना, सॉकेट आणि मागची जोडणी काळवंडते. खरखरीचे हे मोठे कारण. जोडण्या कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्या, तरी अनेकदा फरक पडतो. तबकड्यांवर चढलेली बुरशी सुईखाली आली की तिचाही आवाज होतो. तोही प्रीॲम्पच्याच नावावर खपतो.

दोष कुठे आहे, हे कसे ओळखावे?

आवाजाचे बटण शून्यावर न्या. गुणगुण तशीच राहिली, तर तिचे मूळ त्या बटणाच्या पुढे, बहुधा मुख्य ॲम्प्लिफायरमध्ये किंवा जोडणीत आहे. ती बटणाबरोबर कमी-जास्त होत असेल, तर मूळ अलीकडे आहे. केबल टीव्हीची किंवा डिशची वायर सिस्टीमला जोडलेली असेल, तर ती काढून ऐका. दोन्ही चॅनेलला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतील आणि ते बाहेरून काढता येत असतील, तर प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावर त्यांची अदलाबदल करा. खरखर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली, तर व्हॉल्व्ह दोषी. प्रीॲम्पमधले छोटे व्हॉल्व्ह साधारण ५ ते १० हजार तास चालतात. रोज दोन तास गाणी ऐकणाऱ्यासाठी ५ हजार तास म्हणजे जवळपास सात वर्षे.

मात्र आजचे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा जगभर टंचाई झाली आणि किमती चढल्या. म्हणून सहज मिळणाऱ्या जातीचा व्हॉल्व्ह वापरणारा प्रीॲम्प हाताशी असेल, तर तो टिकवण्यात शहाणपण आहे.

मग बदलावा कधी?

तीन कारणे पटण्यासारखी आहेत. एक, दुरुस्ती करणारा किंवा सुटे भाग मिळत नाहीत. दोन, जोडी जमत नाही. मुख्य ॲम्प्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स प्रीॲम्पच्या आउटपुट इम्पिडन्सच्या किमान दहापट असावा, नाही तर खर्जातला आवाज पातळ होतो. तीन, घरात तबकड्यांचा मोठा संग्रह आहे आणि सध्याचा फोनो विभाग कमजोर आहे.

चौथे कारणही काही जण सांगतील : नव्या पेटीचा आवाज अधिक गोड लागतो. आवडीला हरकत नाही. पण गोडव्याची परीक्षा दुकानात होत नाही. नवा प्रीॲम्प आठवडाभर घरी मागून घ्यावा आणि दोन्हींची पातळी सारखी ठेवून तेच गाणे ऐकावे. थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि फसगत तिथेच होते.

थोडक्यात क्रम असा : अर्थिंग, व्होल्टेज, जोडण्यांची सफाई, व्हॉल्व्ह आणि शेवटी प्रीॲम्प. पहिल्या चार पायऱ्यांचा खर्च सहसा पाचवीपेक्षा खूपच कमी असतो. त्यातली पहिली पायरी तर गाणे ऐकायचे नसले तरी घरातल्या माणसांसाठी करायलाच हवी.